विश्लेषण : इस्रायली तंत्र केंद्रात रुजले, बांधावर किती? भागीदारीचा आढावा कसा आखावा?

दापोलीत हापूस, नागपुरात संत्री, राहुरीत डाळिंब आणि छत्रपती संभाजीनगरात केसर आंबा. पिके वेगळी, जमीन आणि हवामानही वेगळे. पण या चारही ठिकाणच्या गुणवत्ता केंद्रांमागे (सेंटर ऑफ एक्सलन्स) एकच भागीदारी आहे : भारत-इस्रायल कृषी प्रकल्प. २००६ मधील कराराने या भागीदारीचा पाया घातला गेला. इतक्या दीर्घकाळ चाललेल्या सहकार्याने नेमके काय साधले, हे ठरवायचे तर आढावा लागतो. पण आढाव्यात काय मोजायचे, कोणाला विचारायचे आणि कधी विचारायचे, हे आधी ठरले नाही तर हाती केवळ रोपांची आणि प्रशिक्षणार्थींची संख्या येते. म्हणून आढाव्याइतकेच महत्त्व त्याच्या आखणीला आहे.

हा प्रकल्प नेमका काय?

भारत आणि इस्रायल यांच्यात १९९२ मध्ये पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले आणि पुढच्याच वर्षी कृषी सहकार्य सुरू झाले. २००६ मध्ये कृषी क्षेत्रातील सर्वंकष करार झाला. त्यातून पुढे टप्प्याटप्प्याने कृती आराखडे आखले गेले. यात तीन भागीदार आहेत. इस्रायलच्या परराष्ट्र मंत्रालयाची ‘माशाव’ ही विकास सहकार्य संस्था तज्ज्ञ, तंत्र आणि प्रशिक्षण पुरवते. केंद्र सरकार एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानातून निधी देते. जमीन, मनुष्यबळ आणि केंद्र चालवण्याची जबाबदारी राज्याकडे असते. महाराष्ट्रातील केंद्रे कृषी विद्यापीठांच्या प्रक्षेत्रांवर आहेत.

कल्पना साधी आहे. परदेशी तंत्र थेट शेतकऱ्याच्या बांधावर न नेता आधी केंद्रात स्थानिक माती, पाणी आणि वाणांवर वापरून पाहायचे. मग रोपे, प्रात्यक्षिके आणि प्रशिक्षण यांतून ते शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवायचे. सघन लागवड, झाडाच्या आकाराचे छाटणीने नियोजन, ठिबकमधून खते, गादीवाफ्यावरील लागवड, रोगमुक्त रोपवाटिका आणि जुन्या आंबाबागांचे पुनरुज्जीवन ही त्यातील प्रमुख तंत्रे. म्हणजे हा केवळ यंत्रे किंवा पैसा देण्याचा व्यवहार नाही. स्थानिक यंत्रणेला आणि शेतकऱ्याला ते काम स्वतः करता यावे, हा त्याचा हेतू आहे. यालाच ‘क्षमताबांधणी’ म्हणतात.

आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत?

मे २०२१ मध्ये दोन्ही देशांनी पाचव्या टप्प्याच्या तीन वर्षांच्या कार्यक्रमावर स्वाक्षऱ्या केल्या. त्या वेळी केंद्र सरकारने दिलेल्या माहितीनुसार १२ राज्यांत २९ केंद्रे कार्यरत होती. त्यांतून भाजीपाल्याची अडीच कोटींहून अधिक आणि फळझाडांची ३ लाख ८७ हजारांहून अधिक दर्जेदार रोपे तयार होत होती. वर्षाला १ लाख २० हजारांहून अधिक शेतकऱ्यांना प्रशिक्षण देण्याची या केंद्रांची क्षमता असल्याचेही सांगण्यात आले होते. याच टप्प्यात केंद्रांभोवतीची गावे जोडण्यासाठी आठ राज्यांतील १३ केंद्रांच्या परिसरात ७५ ‘उत्कृष्टता गावां’ची योजना मांडण्यात आली.

हे आकडे मोठे आहेत. पण ते कशाचे आहेत, हे नीट पाहायला हवे. ‘प्रशिक्षण देण्याची क्षमता’ म्हणजे प्रशिक्षण दिलेले शेतकरी नव्हेत. प्रशिक्षण घेतलेला प्रत्येक जण ते तंत्र वापरतोच असे नाही. वापरले तरी उत्पन्न वाढेलच असे नाही आणि वाढले तरी ते त्या तंत्रामुळेच वाढले, हे वेगळे तपासावे लागते. रोपांचेही तसेच. रोपवाटिकेतून गेलेले रोप, शेतात जगलेले रोप आणि फळाला आलेले झाड या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रशिक्षणाचे मोजमाप कसे करावे, याची एक जुनी चौकट आहे. अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये ती मांडली. तिच्या चार पायऱ्या आहेत : प्रशिक्षण आवडले का, त्यातून शिकायला मिळाले का, कामाची पद्धत बदलली का आणि त्या बदलाचा परिणाम दिसला का. पहिल्या दोन पायऱ्या वर्गातच मोजता येतात. उरलेल्या दोन मोजायला शेतावर जावे लागते, तेही काही काळानंतर. बहुतेक अहवाल पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबतात ते यामुळेच.

तीन वर्षांचे चक्र फळबागेला का पुरत नाही?

करार तीन वर्षांचे असले तरी झाडे त्या वेळापत्रकाने वाढत नाहीत. हापूसच्या कलमापासून व्यावसायिक उत्पादन मिळायला साधारण पाच ते सात वर्षे लागतात. संत्र्याच्या बागेलाही चार-पाच वर्षे द्यावी लागतात. डाळिंब लवकर फळते; पण तेल्या रोगाला बाग कितपत तोंड देते, हे काही बहार गेल्यावरच कळते. जुन्या आंब्याच्या झाडांची पुनरुज्जीवनासाठी जोरकस छाटणी केली की, सुरुवातीची दोन-तीन वर्षे तर उत्पन्न बुडतेच.

परिणामी एखाद्या टप्प्यात केलेल्या कामाचे फळ त्या टप्प्याच्या अहवालात दिसत नाही. ते दिसेपर्यंत पुढचा करार झालेला असतो, अधिकारी बदललेले असतात आणि नवी उद्दिष्टे आलेली असतात. टप्प्याटप्प्याच्या आढाव्यांखेरीज संपूर्ण भागीदारीचा एकत्रित, दीर्घ पल्ल्याचा आढावा लागतो तो यासाठी. २०१० च्या दशकाच्या सुरुवातीला दिलेल्या रोपांची झाडे आज भरात असायला हवीत. ती कोठे आहेत, हा या आढाव्याचा पहिला प्रश्न असू शकतो.

देखरेख, लेखापरीक्षण आणि मूल्यमापन यांत फरक काय?

‘आढावा’ या एका शब्दाखाली तीन वेगळी कामे मिसळली जातात. काम ठरल्याप्रमाणे चालले आहे का, हे सतत पाहणे म्हणजे देखरेख. पैसा नियमानुसार खर्च झाला का, हे तपासणे म्हणजे लेखापरीक्षण. जे केले ते करण्याजोगे होते का, त्यातून काय बदलले आणि ते टिकेल का, हे विचारणे म्हणजे मूल्यमापन.

मूल्यमापनासाठी जगभर बहुतांशी ‘ओईसीडी’ या देशसमूहाच्या विकास सहाय्य समितीचे निकष वापरले जातात. १९९१ पासून ते पाच होते, २०१९ मध्ये सहावा जोडला गेला. गरजेशी सुसंगती, इतर योजनांशी मेळ, उद्दिष्टपूर्ती, खर्चाच्या मानाने फलित, दूरगामी परिणाम आणि टिकाऊपणा असे हे सहा निकष. भारत या संघटनेचा सदस्य नाही. त्यामुळे ते बंधनकारक नाहीत. पण प्रश्नांची यादी म्हणून उपयोगी आहेत. मात्र सहाही निकषांना सारखेच वजन दिले की आढावा पसरट होतो. वीस वर्षांच्या भागीदारीसाठी यांतील शेवटचे दोन, म्हणजे दूरगामी परिणाम आणि टिकाऊपणा, सर्वांत महत्त्वाचे ठरतात.

आखणीची सुरुवात कोठून करावी?

सुरुवात निर्णयापासून करावी लागते. हा अहवाल हाती आल्यावर कोण, कोणता निर्णय घेणार आहे? नवी केंद्रे काढायची की आहेत तीच बळकट करायची, इस्रायली तज्ज्ञांची गरज कोणत्या पिकांत उरली आहे, केंद्रांचा चालू खर्च कोणी उचलायचा, असे निर्णय समोर असतील तर प्रश्न आपोआप नेमके होतात. निर्णयच ठरलेला नसेल, तर आढावा हा केवळ एक उपचार ठरतो.

त्यानंतर कार्यकक्षा लिहावी लागते. त्यात चार-पाचच मुख्य प्रश्न असावेत. उदाहरणार्थ, केंद्रातून रोपे किंवा प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी किती शेतकरी ते तंत्र आजही वापरतात? सोडले असेल तर का? हेक्टरी खर्च वजा जाता हातात काय उरते? लहान आणि कोरडवाहू शेतकऱ्यांपर्यंत यातले काय पोहोचले? आणि परदेशी तज्ज्ञ आला नाही, तर केंद्र नवी अडचण स्वतः सोडवू शकते का?

यातील खर्चाचा प्रश्न कळीचा आहे. ठिबकसाठी केंद्राच्या ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदानाची तरतूद आहे. अनुदान असताना तंत्र स्वीकारणे आणि संच जुना झाल्यावर पदरचे पैसे घालून तेच तंत्र चालू ठेवणे यांत मोठा फरक आहे. तंत्र खरोखर रुजले की नाही, हे दुसऱ्या खरेदीच्या वेळी कळते.

आधीची नोंदच नसेल तर?

परिणाम मोजायचा तर सुरुवातीला स्थिती काय होती, हे माहीत असावे लागते. याला पायाभूत माहिती म्हणतात. ती नसेल तर काय होते, याचा धडा रवांडाने दिला आहे. २०१२ मध्ये तेथील सरकारने आरोग्य मनुष्यबळ घडवण्याचा सात वर्षांचा कार्यक्रम सुरू केला. अमेरिकेतील विद्यापीठांचे प्राध्यापक रवांडात राहून स्थानिक प्राध्यापकांसोबत जोडीने शिकवत. त्यातील मोठा निधी अमेरिकेच्या एचआयव्हीविरोधी ‘पेपफार’ योजनेतून २०१७ पर्यंत मिळाला. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी त्याचे मूल्यमापन करून २०२० मध्ये अहवाल दिला. विशेषज्ञ डॉक्टर आणि परिचारिका घडवण्यात कार्यक्रमाने भर घातल्याचे त्यात नोंदवले गेले. मात्र एचआयव्हीग्रस्तांच्या आरोग्यावर त्याचा नेमका किती परिणाम झाला, हे सांगणे कठीण ठरले. कारण मोजमापाची पुरेशी व्यवस्था सुरुवातीपासून बांधलेलीच नव्हती. काम झाले; पण निधी ज्या हेतूने दिला, त्याच्याशी त्याचा धागा जोडता आला नाही.

पायाभूत माहिती नसली तरी काही प्रमाणात भरपाई करता येते. रोपविक्रीच्या नोंदवह्या आणि प्रशिक्षणाच्या हजेरीपटांतून शेतकऱ्यांची यादी मिळू शकते. सातबाऱ्यावरील पीक नोंदी आणि २०२१ पासून राज्यात सुरू झालेली ई-पीक पाहणी यांतून कोणत्या गटात कोणती बाग आहे, हे पडताळता येते. त्यांत उत्पादनाचा आकडा नसतो; तो बाजार समितीच्या पट्ट्या आणि शेतकऱ्यांच्या वह्यांतून काढावा लागतो.

तुलनाही काळजीपूर्वक करावी लागते. केंद्रावर आपणहून येणारा शेतकरी बहुधा आधीच प्रयोगशील असतो. त्याच्याकडे पाण्याची सोय आणि हाताशी थोडे भांडवलही असते. त्याची तुलना सरसकट जिल्ह्याच्या सरासरीशी केली तर सगळे श्रेय केंद्राला मिळेल. त्याऐवजी तेवढीच जमीन आणि तसेच पाणी असलेल्या, पण केंद्राशी संबंध न आलेल्या शेजारच्या शेतकऱ्याशी तुलना व्हायला हवी.

शिवाय पाहणीची वेळ साधावी लागते. हापूसची पाहणी पावसाळ्यात केली तर मोहोरही दिसत नाही आणि फळही. संत्र्याच्या मृग आणि आंबिया बहारांचे हिशेब वेगळे असतात. अवकाळी पावसाने एखादे वर्ष बुडवले तर त्या एका वर्षावरून निष्कर्ष काढणे चूक ठरेल. किमान तीन हंगामांची माहिती हवी.

प्रश्न कोणाला विचारायचे?

याचे उत्तर केरळच्या किनाऱ्यावर सापडते. १९५२ मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार झाला आणि पुढच्या वर्षी कोल्लमजवळच्या नींदकरा परिसरात इंडो-नॉर्वेजियन मत्स्य प्रकल्प सुरू झाला. नॉर्वेचा हा पहिलाच विकास सहाय्य प्रकल्प. मच्छीमारांचे उत्पन्न आणि आरोग्य सुधारणे, हा त्याचा हेतू होता. १९७२ मध्ये नॉर्वेचे तज्ज्ञ परतले तेव्हा यांत्रिक बोटी आल्या होत्या, शीतकरणाची सोय झाली होती आणि कोळंबीची निर्यात वाढली होती.

निर्यातदाराला विचारले तर प्रकल्प यशस्वी होता. पण पारंपरिक मच्छीमारांचा अनुभव वेगळा होता. यांत्रिक ट्रॉलर आणि छोट्या होड्या यांच्यातील संघर्ष पुढे इतका वाढला की, १९८८ पासून केरळमध्ये पावसाळ्यातील ट्रॉलिंगवर बंदी घालावी लागली. या साऱ्याला एकटा प्रकल्प जबाबदार नव्हता. तरी फायदा कोणाकडे गेला आणि किंमत कोणी मोजली, हे दोन प्रश्न वेगवेगळ्या माणसांना विचारावे लागतात, हे त्यातून स्पष्ट होते. कृषी केंद्रांच्या आढाव्यातही पुरस्कारप्राप्त बागायतदारांबरोबर तंत्र अर्ध्यावर सोडलेले शेतकरी, बागेत राबणाऱ्या महिला, खासगी रोपवाटिकाचालक आणि केंद्राची पायरीही न चढलेले शेतकरी यांचे म्हणणे नोंदवले जायला हवे.

तज्ज्ञ परत गेल्यावर काय उरते?

क्षमताबांधणीची खरी परीक्षा हीच. मुंबईतच तिचे मोठे उदाहरण आहे. पवई येथील आयआयटी १९५८ मध्ये युनेस्कोमार्फत मिळालेल्या सोव्हिएत मदतीने सुरू झाली. तेथून ५९ तज्ज्ञ आणि १४ तंत्रज्ञ आले, तर २७ भारतीय अध्यापकांना तिकडे शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या मिळाल्या. संख्या म्हणून हे आकडे लहान आहेत. पण ते तज्ज्ञ परतल्यावर संस्था थांबली नाही. स्वतःचे अभ्यासक्रम, संशोधन आणि अध्यापकांची पुढची पिढी तिने घडवली. पुढे सोव्हिएत संघराज्यच उरले नाही, तरी संस्था वाढत राहिली.

अर्थात याही यशाला दुसरी बाजू होती. पवईचेच प्राध्यापक सु. पां. सुखात्मे यांनी १९८० च्या दशकात केलेल्या अभ्यासात १९७३ ते १९७७ मधील बीटेक पदवीधरांपैकी सुमारे ३१ टक्के परदेशात स्थायिक झाल्याचे आढळले होते. संस्थेची क्षमता आणि देशाच्या उपयोगी पडणारी क्षमता एकच नव्हे, हे त्यातून दिसले. महत्त्वाचे म्हणजे, ही गैरसोयीची मोजणी संस्थेने बाहेरच्यांवर सोडली नाही.

कृषी केंद्रांना हीच कसोटी लावता येते. इस्रायलमध्ये प्रशिक्षण घेतलेल्या अधिकाऱ्याची बदली झाल्यावर त्याचे ज्ञान केंद्रात राहते का? खत देण्याचे वेळापत्रक इथल्या मातीनुसार बदलणारा माणूस केंद्रात आहे का, की जुनेच कोष्टक चालू आहे? यंत्रणेतील सुटा भाग बिघडला तर तो जवळच्या तालुक्याच्या बाजारात मिळतो का? केंद्राच्या रोपविक्रीतून त्याचा किती चालू खर्च निघतो? महासाथ, युद्ध किंवा राजकीय तणाव यांनी तज्ज्ञांचे येणे कधीही थांबू शकते. त्यामुळे हे प्रश्न काल्पनिक नाहीत.

आढावा कोण घेणार आणि अहवालाचे पुढे काय?

दोन्ही सरकारांना भागीदारी यशस्वी ठरलेली हवी असते, यात गैर काही नाही. पण म्हणूनच आढावा घेणारे पथक केंद्रे चालवणाऱ्या यंत्रणेपासून स्वतंत्र असावे लागते. त्यात फलोत्पादनाचा जाणकार, अर्थशास्त्रज्ञ आणि ग्रामीण पाहणीचा अनुभव असलेला समाजशास्त्रज्ञ हवा. प्रश्न ठरवताना मात्र केंद्र, राज्य, इस्रायल आणि शेतकऱ्यांचे प्रतिनिधी असे सगळे एकत्र हवेत. भागीदारीचा आढावा म्हणजे एकाने दुसऱ्याची परीक्षा घेणे नव्हे. निधी वेळेत आला का, पदे भरली गेली का, हे प्रश्न भारतीय बाजूला; तर दिलेले तंत्र इथल्या दोन-तीन एकरांच्या शेतीला साजेसे होते का, हा प्रश्न इस्रायली बाजूला विचारला गेला पाहिजे.

शेवटची अट अहवालानंतरची. कोणत्या शिफारशी मान्य, कोणत्या अमान्य, त्या का आणि मान्य शिफारशींवर कोण, कधीपर्यंत काम करणार, हे सांगणारा कृती अहवाल ठरलेल्या मुदतीत जाहीर व्हावा, अशी तरतूद कार्यकक्षेतच असायला हवी. आणि दोन्ही अहवाल मराठीतही निघाले, तर ज्यांच्या नावाने वीस वर्षे हा खर्च झाला, त्या दापोलीच्या आंबा बागायतदाराला आणि काटोलच्या संत्रा उत्पादकाला ते वाचून आपल्या बागेशी ताडून पाहता येतील.